नाशिक ते त्र्यंबक पायी: एका वडिलांनी ऑटिझमसाठी जमवलेला निधी

हे प्रकरण २०२५ च्या मार्च-एप्रिलमधले आहे. कुटुंबाची संमती घेऊन लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून नोकरी, वय आणि काही आकडे थोडे बदलले आहेत. मी त्या थेरपी केंद्राच्या ट्रस्टचे हिशेब पाहतो, त्यामुळे माझी नजर आधी पावतीपुस्तकावर जाते आणि मग माणसांवर. वाचताना एवढे धरून चालावे.

पार्श्वभूमी

भाऊ सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. केंद्रात सगळे त्यांना भाऊच म्हणतात, म्हणून इथेही तेच. घर इंदिरानगरकडे. घरात त्यांची आई, पत्नी, बारावीतली मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलाला ऑटिझम असल्याचे तिसऱ्या वर्षी कळले. तो मोजके शब्द बोलतो, बाकी चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवून सांगतो. कुकरची शिट्टी आणि ढोल सहन होत नाहीत. चालायला मात्र केव्हाही तयार असतो. भाऊ पहिल्या पाळीवरून घरी आले की बाप-लेक जवळच्या जॉगिंग ट्रॅकवर जातात आणि ठरलेल्या दिशेने ठरलेल्या फेऱ्या मारतात. दिशा उलटी झाली तर पोरगा जागचा हलत नाही.

भाऊंना स्वतःलाही चालण्याचा नाद जुना. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी ते सहसा चुकवत नाहीत. तेव्हा ‘पायी जाऊन पैसे उभे करू’ ही कल्पना त्यांच्या डोक्यात यावी यात नवल नव्हते. नवल लोकांना वाटले. नाशिकचा माणूस पायी निघतो तो वणीला, निवृत्तिनाथांच्या यात्रेला किंवा फेरीला. त्यामुळे पहिले काही दिवस भाऊंना जो भेटे तो विचारी, “नवस कसला बोललात?”

केंद्र लहान आहे. पालकांनीच ट्रस्ट नोंदवला आहे, जागा भाड्याची. तिशीच्या आसपास मुले येतात. ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच आणि विशेष शिक्षण, एवढेच चालते. महिन्याची फी ६,४०० रुपये. आठ मुलांना अर्धी फी माफ आहे आणि ती तूट ‘सवलत निधी’तून भरून निघते. म्हणजे महिन्याला २५,६०० आणि वर्षाला तीन लाखांच्या थोडे वर. हा निधी दोन देणगीदारांच्या जिवावर चालला होता. त्यांतल्या एकाने धंदा आवरता घेतला आणि फेब्रुवारीत आम्ही खाते पाहिले तेव्हा जेमतेम एप्रिलअखेर पुरतील एवढे पैसे होते.

अडचण

वरवर पाहता अडचण सरळ होती: तीन लाख हवेत. खाली आणखी दोन गोष्टी होत्या आणि त्या बैठकीत कोणी लगेच बोलले नाही.

पहिली अशी की आठांपैकी पाच मुलांचे कागदच पूर्ण नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत ऑटिझम असलेल्या व्यक्तीला वर्षाला एक लाखापर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत येतो. पण त्याला आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, मग नावनोंदणी. दिवसाची मजुरी बुडवून सिव्हिलच्या चकरा मारणे या पाच घरांना जमलेले नव्हते. मी बैठकीत म्हटले की लोकांकडे हात पसरण्याआधी सरकारकडून मिळते ते तरी घेऊ. भाऊ म्हणाले, “साहेब, ते करायलाच हवं. पण मे महिन्याची फी कागदाने भरता येणार नाही.” दोघांचेही खरे होते. शेवटी दोन्ही कामे एकदम हाती घ्यायची ठरली. कागदांसाठी दोन पालक नेमले. एक प्रत्येक घरी जाऊन कागद जुळवणार आणि दुसरा सिव्हिलला सोबत जाणार.

दुसरी गोष्ट म्हणजे पदयात्रेतून नेमके काय हवे आहे, यावर एकमत नव्हते. भाऊंना निधी हवा होता. वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आजूबाजूच्या लोकांना ऑटिझम कळायला हवा होता. रिक्षात, दुकानात, सोसायटीत मुलाकडे ज्या नजरेने बघतात, ती बदलायला हवी होती. आणि काही पालकांना फक्त आपल्या मुलांना घेऊन एक दिवस मोकळेपणाने बाहेर पडायचे होते. पुढचे बहुतेक वाद या तीन हेतूंच्या ओढाताणीतून झाले.

पहिला निर्णय: पैसे कोणाच्या खात्यात

भाऊंनी कोणाला न विचारता सुरुवात करून टाकली होती. कारखान्याच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःचा क्यूआर कोड टाकला आणि खाली लिहिले, ‘माझ्या मुलासारख्या मुलांसाठी त्र्यंबकला पायी जातोय, यथाशक्ती मदत करा.’ दोन दिवसांत ४१,००० रुपये त्यांच्या बचत खात्यात आले. तिसऱ्या दिवशी सोसायटीतल्या एकाने दुसऱ्याला म्हटले, “पोराच्या नावावर गोळा करतोय.” ते फिरत फिरत वहिनींच्या कानावर आले.

तेव्हा तीन मार्ग समोर होते.

वैयक्तिक खात्यातच गोळा करत राहायचे. सोपे, पण देणाऱ्याला पावती नाही, ८०जीची करवजावट नाही आणि हेतूवर कोणीही बोट ठेवू शकतो. शिवाय नोंदणी नसलेल्याने धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी घ्यायची तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ क आडवे येते. गणेश मंडळे दरवर्षी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी काढतात ती याच कलमाखाली.

क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर मोहीम टाकायची. पोच मोठी, पण तिथे मुलाचा फोटो आणि ‘गोष्ट’ मागतात, आणि संकेतस्थळाचा खर्च कुठून ना कुठून निघतोच.

किंवा सगळे पैसे थेट ट्रस्टच्या खात्यात घ्यायचे. पावती, पॅन आणि हिशेबाची कटकट आमच्या गळ्यात, पण नाव स्वच्छ.

तिसरा मार्ग ठरायला वेळ लागला नाही. खरा प्रश्न आधी आलेल्या ४१,००० चा होता. भाऊ म्हणाले, “एकरकमी ट्रस्टला टाकतो.” तसे केले असते तर कागदावर देणगीदार एकटे भाऊ ठरले असते आणि ज्या ३७ जणांनी पैसे दिले त्यांचे नाव कुठेच नसते. म्हणून प्रत्येकाला पैसे परत पाठवले आणि सोबत ट्रस्टच्या खात्याचा तपशील दिला. चार जणांनी पुन्हा पाठवलेच नाहीत. ३७,५०० परत आले. साडेतीन हजारांचा तोटा मला स्वस्त वाटला, कारण त्यानंतर सोसायटीतली कुजबुज थांबली. परत आलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट लोकांनीच एकमेकांना दाखवला.

इथे एक फाटा असाही फुटला. भाऊंचा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने पाचशे डॉलर देऊ केले. तो आता अमेरिकेचा नागरिक आहे, म्हणजे मूळ नाशिकचा असला तरी कायद्याच्या दृष्टीने ते विदेशी योगदान. आमच्या ट्रस्टला विदेशी योगदान घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी नाही, त्यामुळे नाही म्हणावे लागले. दुबईतल्या मेहुण्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. त्याने इथल्या बँक खात्यातून पाठवलेले पैसे घेता आले. घरात मात्र ‘एकाचे घेतले, एकाचे नाही’ यावरून रुसवा झाला. तो फोनवर समजावण्यात भाऊंची एक अख्खी संध्याकाळ गेली.

दुसरा निर्णय: तारीख

जागतिक ऑटिझम जागरूकता दिन २ एप्रिलला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो २००७ च्या डिसेंबरात ठरवला आणि २००८ पासून तो पाळला जातो. ट्रस्टच्या दृष्टीने ही तारीख गैरसोयीची आहे. आर्थिक वर्ष संपून दोनच दिवस झालेले असतात. जुन्या करप्रणालीत असलेले देणगीदार ३१ मार्चच्या आत पैसे देऊन मोकळे होतात. मार्चमध्ये आलेल्या देणगीचे प्रमाणपत्र आम्ही ३१ मेपर्यंत देतो. तीच देणगी १ एप्रिलला आली तर ते प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत लांबू शकते. नव्या प्रणालीतल्या लोकांना ८०जीची वजावटच नसते, त्यामुळे कारखान्यातल्या बऱ्याच जणांना याने काही फरक पडत नव्हता. पण मोठी रक्कम देणारे चार-पाच जण जुन्या प्रणालीतले होते आणि अर्धा निधी त्यांच्याकडूनच येणार होता.

म्हणून ठरले की देणगी मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून घ्यायची, चालायचे एप्रिलमध्ये.

चालायचा दिवस ठरवायला पंचांग घेऊन बसावे लागले. २ एप्रिलला बुधवार. ३० मार्चच्या रविवारी गुढीपाडवा, म्हणजे शहरात शोभायात्रा. ६ एप्रिलच्या रविवारी रामनवमी. त्या दिवशी पंचवटीत काळारामाच्या दर्शनाला मुंगीला वाट मिळत नाही आणि दोन दिवसांनी रथयात्रा, त्यामुळे पोलिसांकडे बंदोबस्ताशिवाय दुसरा विषय नसतो. भाऊंची साप्ताहिक सुटी शनिवारी. ५ एप्रिल, शनिवार ठरला.

याच चर्चेत वहिनींनी एक गोष्ट सुचवली आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची वाटते. त्या म्हणाल्या, “अहो, तुमचं त्र्यंबक आणि मुलांचं चालणं हे एकाच दिवशी कशाला? मुलांना तीस किलोमीटरशी काय देणंघेणं?” तोवर सगळे एकाच मोठ्या कार्यक्रमाचा विचार करत होते: मुले, पालक, फलक, पुढे भाऊ. ते मोडून दोन भाग झाले. २ एप्रिलला सकाळी मुलांसाठी महापालिकेच्या एका ट्रॅकवर छोटे, शांत चालणे. तिथे निधीचे नाव काढायचे नाही. ५ तारखेला भाऊ आणि तिघांचे त्र्यंबकपर्यंतचे चालणे, ते निधीसाठी. पदयात्रेची माहिती द्यायची तरी कशी, हा गुंताही त्यातून बराच सुटला. तीस किलोमीटर, प्रत्येक किलोमीटर दहा हजारांचा. दहा हजारांत तीन मुलांची महिन्याची सवलत निघते. एक किलोमीटर एकट्याने घ्या किंवा वीस जणांनी मिळून घ्या.

तिसरा निर्णय: फोटो, टी-शर्ट, ढोल

भाऊंचे म्हणणे असे की चेहरा असला तर लोक पैसे देतात, रस्त्याचा नकाशा बघून कोणी खिशात हात घालत नाही. ते चुकीचे नव्हते. एका मुलाचा चेहरा दिसला की हात सैल होतो, हे देणग्या मागणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आजींचा विरोध होता, कारण त्यांना नातीच्या लग्नाची काळजी. “उद्या स्थळ आलं तर आधी तो फ्लेक्स आठवेल त्यांना.” वहिनींचाही विरोध होता, पण कारण अगदी वेगळे. मुलाला हवे-नको कार्डावर विचारता येते. ‘तुझा फोटो चौकात लावू का?’ याचे कार्ड नाही. त्या म्हणाल्या, “जे त्याला समजावून सांगता येत नाही, ते त्याच्या नावावर करायचं नाही.”

फोटो लागला नाही. ज्या कारणाने लागला नाही ते आजींचे की वहिनींचे, हे भाऊंनी अजून स्पष्ट केलेले नाही. मला वाटते त्यांना दोघींपैकी एकीलाही जिंकू द्यायचे नव्हते.

महापालिकेची निवडणूक तेव्हा रखडलेली होती आणि प्रभागात इच्छुकांची कमी नव्हती. त्यातल्या एकाने फ्लेक्सचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. फ्लेक्सवर त्यांचा फोटो केवढा असणार हे विचारल्यावर विषय तिथेच थांबला.

एका मंडळाने ढोल पथक फुकट देऊ केले. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, त्याला वाटले मिरवणूक म्हणजे ढोल हवाच. त्याच्याशी बोलायला वहिनी स्वतः गेल्या आणि मुलाचा हेडफोन सोबत नेला. ढोल वाजला की आपला मुलगा कान दाबून जमिनीवर बसतो, हे त्यांनी सांगितले. त्या मंडळातली सहा पोरे २ तारखेला स्वयंसेवक म्हणून आली, हात रिकामे घेऊन.

टी-शर्टवर जिगसॉचा तुकडा छापायचा बेत होता. ते चिन्ह १९६३ साली एका ब्रिटिश संस्थेने घेतले आणि जगभर पसरले. पण ऑटिझम असलेल्या अनेक मोठ्या माणसांना ते आवडत नाही, आपल्यात काहीतरी तुकडा कमी आहे असा अर्थ त्यातून निघतो म्हणून. यावर बैठकीत भरपूर बोलणे झाले. मग थेरपिस्ट मॅडमनी विचारले की नवा, ताठर, मानेला लेबल टोचणारा टी-शर्ट आपली किती मुले अंगावर ठेवतील? टी-शर्टच रद्द झाले.

चौथा निर्णय: लाखाचा प्रायोजक

मार्चच्या मध्याला एका खासगी दवाखान्याकडून निरोप आला. एक लाख रुपये रोख नव्हे, चेकने. बदल्यात ट्रॅकवर त्यांचा स्टॉल, फलकावर नाव आणि येणाऱ्या पालकांची नावे व मोबाइल नंबर. सोबत पत्रक होते. त्यात ऑटिझमवर स्टेम सेल (मूलपेशी) उपचाराची जाहिरात होती आणि आईच्या कुशीत हसणाऱ्या मुलाचे चित्र.

तोवर जमलेली रक्कम दीड लाखाच्या आत होती. एका झटक्यात लाख येणार होते.

विश्वस्तांत एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांचे म्हणणे: स्टॉल नको, नंबर नको, पण पैसे घ्यायला काय हरकत आहे? पैशाला वास नसतो. पैसे मुलांच्या फीलाच जाणार. दुसऱ्या बाजूने थेरपिस्ट मॅडमनी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे पुढे ठेवली. रक्ताच्या काही आजारांत होणारे मूलपेशी प्रत्यारोपण सोडले तर बाकी सगळे वापर फक्त मंजूर वैद्यकीय चाचण्यांपुरते, पैसे घेऊन उपचार म्हणून विकायचे नाहीत, असे त्यात आहे. ऑटिझम हा आजार नाही, मेंदूच्या घडणीतला जन्मजात फरक आहे, आणि तो ‘बरा करण्याचे’ औषध नाही. थेरपीने बोलणे, वागणे, रोजचे व्यवहार सोपे होतात, तेवढ्यासाठीच हे केंद्र चालते.

तरीही मत फिरेना. मग वहिनींनी बैठकीला बसलेल्या पालकांना विचारले, “असल्या उपचारासाठी कर्ज कोणी कोणी काढलंय?” तीन हात वर गेले. चौथा अर्धा वर जाऊन खाली आला.

नकार कळवला. माझ्या मते त्या व्यवहारात लाखाची किंमत फलकाने फिटणार नव्हती, नंबरांच्या यादीने फिटणार होती. नुकतेच निदान झालेल्या मुलाच्या आईचा मोबाइल नंबर ज्याला हवा असतो, त्याने त्याची किंमत आधीच काढलेली असते. ट्रस्टने आता लेखी ठराव केला आहे: पालकांची यादी कोणालाही, कुठल्याही कारणाने द्यायची नाही.

प्रत्यक्ष काय घडले

२ एप्रिलचे चालणे सकाळी साडेसातला ठेवले, म्हणजे रोजचे फिरणारे निघून गेलेले असतात आणि ऊन चढलेले नसते. उद्यान विभागाला पत्र आणि पोलीस ठाण्यात अर्ज आधीच दिला होता. मुलांना चार दिवस आधीपासून ट्रॅकचे फोटो कार्डांवर दाखवले: फाटक, बाक, झाड, पाण्याची जागा, पुन्हा गाडी. फाटके दोन. प्रत्येकावर दोन स्वयंसेवक, त्यांना एकच काम आणि एकच सूचना: मूल धावत आले तर ओरडायचे नाही, हात धरायचा नाही, समोर आडवे उभे राहायचे.

ती सूचना उपयोगी पडली. कुठूनसा एक व्हिडिओ करणारा आला आणि त्याने न विचारता ड्रोन उडवला. त्या घरघरीने सहा वर्षांची एक मुलगी आईचा हात सोडून सुसाट फाटकाकडे पळाली. बाहेर रस्ता. फाटकावर ढोल पथकातला एक मुलगा होता. तो दोन्ही हात पसरून नुसता उभा राहिला. ती थांबली, त्याच्या पायाशी बसली. आई येईपर्यंत त्याने श्वाससुद्धा जपून घेतला असेल. ड्रोन उतरवायला सांगितले, तो उतरवलाही, पण पाच-सहा कुटुंबे तिथूनच घरी गेली.

आणि भाऊंचा मुलगा चाललाच नाही. हा ट्रॅक त्याचा नव्हता. इथे लोक घड्याळाच्या उलट दिशेने फिरत होते आणि त्याची दिशा दुसरी. तो हेडफोन लावून फाटकाजवळ पाऊण तास उभा राहिला. वहिनी त्याच्यासोबत उभ्या राहिल्या. एका ओळखीच्या बाईंनी “अरे, तुझ्यासाठीच तर हे सगळं” असे म्हणत त्याला पुढे ढकलायचा प्रयत्न केला, तेव्हा वहिनींनी त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितले. काय ते मला कळले नाही, पण त्या बाई पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत.

५ तारखेला भाऊ पहाटे चारला मुंबई नाक्यावरून निघाले. सोबत कारखान्यातले दोघे आणि केंद्रातल्या एका मुलीची आई. मागे पाण्याची गाडी. सीबीएस, त्र्यंबक नाका, सातपूर, मग महिरावणी. उजाडायच्या आत शहर मागे पडले हे बरे झाले, कारण त्र्यंबक रस्त्यावर शनिवारी सकाळपासून दर्शनाला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. भाऊंनी या दिवसासाठी नवे बूट घेतले होते. ज्याने आयुष्यभर फेरी केली, त्या माणसाला हे सांगायचे कोणी? महिरावणीच्या पुढे टाचेला फोड आला, अंजनेरीला फुटला. तिथे सावलीत बसून चौघांत वाद झाला. भाऊंना पूर्ण चालायचे होते, कारण लोकांनी किलोमीटर ‘घेतले’ होते. मुलीची आई म्हणाली, “भाऊ, किलोमीटर पायांनी मोजायचे आहेत, तुमच्याच पायांनी असं कुठं लिहिलंय?” पत्रकात खरोखरच तसे लिहिलेले नव्हते. भाऊ चार किलोमीटर गाडीत बसले आणि शेवटचा टप्पा पुन्हा चालले. बाकी तिघे पूर्ण चालत साडेअकराला पोहोचले.

संध्याकाळी देणगीदारांना जो निरोप गेला त्यात हे जसेच्या तसे लिहिले: भाऊ २६ किलोमीटर, बाकीचे ३०. दोघा विश्वस्तांना हे लिहायची गरज वाटत नव्हती. पण चाळीसेक हजार परत करून जो विश्वास कमावला होता, तो चार किलोमीटरसाठी पणाला लावण्यात अर्थ नव्हता. त्यावरून कोणी पैसे कमी केले नाहीत.

वाटेत त्यांनी एक पानी पत्रके वाटली. जाणीव जागृतीचे जे काही काम झाले ते मला इथे दिसले, ट्रॅकवर नाही. पत्रकात उपदेश नव्हता. नाव घेतल्यावर वळून बघत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, नजर देत नाही, आलेले शब्द पुन्हा गेले, एकच हालचाल तासन्‌तास करत राहते, असे काही दिसले तर ‘मोठा झाल्यावर बोलेल’ म्हणून थांबू नका, एवढेच. आणि कुठे जायचे: अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा येते, त्यांना दाखवा. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. एका चहाच्या टपरीवरच्या आजीने पत्रक नातीकडून वाचून घेतले आणि भाऊंना विचारले, “आमचा अडीच वर्षांचा आहे. हाक मारली तर बघत न्हाई. बहिरा म्हणायचे आम्ही.” भाऊ तिथे अर्धा तास थांबले. बहुधा त्या अर्ध्या तासानेच त्यांना पुढे उन्हात गाठले.

निष्पत्ती

लोकांनी शब्द दिला होता २,८६,००० रुपयांचा. ३० एप्रिलपर्यंत खात्यात आले २,१९,५००. पत्रके, पाणी, गाडी मिळून ९,८०० खर्च आला आणि तो विश्वस्तांनी वेगळा उचलला, निधीतून घेतला नाही. म्हणजे आठ मुलांची सवलत साडेआठ महिन्यांपुरती सुटली, वर्षाची नाही. कागदांच्या कामात पाचांपैकी तिघांची निरामयची नोंदणी ऑगस्टपर्यंत झाली. त्यांना सवलत निधीतून लागणारी रक्कम कमी झाली, म्हणून पैसे अंदाजापेक्षा थोडे लांबवर पुरले. टपरीवरच्या आजींचा नातू केंद्राकडे आलेला नाही, पण पथकाकडे त्याचे नाव गेले आहे आणि कानांची तपासणी झाली आहे. कान चांगले आहेत.

वेगळे काय करता आले असते

शब्द आणि रोकड यांत ६६,५०० चा फरक पडला. बहुतेक रक्कम ‘चालून झाल्यावर देतो’ म्हणणाऱ्यांची होती. किलोमीटर घेतानाच पैसे घ्यायला हवे होते. चालल्यावर पाठपुरावा करताना देणाऱ्यालाही अवघड होते आणि मागणाऱ्यालाही, विशेषतः दोघे एकाच लाइनवर काम करत असतील तर.

मुलांचे चालणे भाऊंच्या मुलाच्या नेहमीच्या ट्रॅकवर ठेवले असते तर तो कदाचित चालला असता. पण मग बाकीच्या मुलांना तो ट्रॅक नवा असता. यावर तोडगा एकच दिसतो: जागा कोणतीही असो, चित्रांवर न थांबता मुलांना आधी दोन-तीनदा तिथे प्रत्यक्ष नेऊन आणायचे. आणि फाटकावर ठळक अक्षरांत पाटी: ड्रोन, भोंगा, फुगे नकोत. आम्ही फुगे आणि भोंगा लिहिले होते, ड्रोनचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही.

एप्रिलबद्दल माझे मत विश्वस्तांना पटलेले नाही. माझ्या मते निधीसाठी चालायचे ते डिसेंबर-जानेवारीत. थंडी असते, पौषात त्या रस्त्याने दिंड्या चाललेल्या असतात, त्यामुळे पायी जाणाऱ्याला कोणी नवल म्हणून पाहत नाही, आणि वर्षअखेरीला तीन महिने हातात राहतात. २ एप्रिल फक्त मुलांसाठी आणि पत्रकांसाठी ठेवावा. त्यांचे म्हणणे, जागतिक दिनाच्या आसपास नसेल तर वर्तमानपत्रे दखल घेत नाहीत. त्या वर्षी एका पत्राने चार ओळी छापल्या, त्यात भाऊंचे नाव चुकले होते.

भाऊंच्या कारखान्यातल्या चौदा जणांनी महिन्याला पाचशे रुपये थेट ट्रस्टच्या खात्यात वळते करायला सुरुवात केली आहे. पदयात्रेच्या मूळ योजनेत हे कुठेच नव्हते. वर्षाचे ८४,००० होतात. एखाद्या लाखाच्या प्रायोजकाइतके नाहीत, पण त्यासाठी कोणाला कोणाची यादी द्यावी लागत नाही.

तरी बँकेतले साहेब अजून आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत. परवाच्या बैठकीत त्यांनी पुन्हा मांडले की तो चेक विनाअट घेता आला असता, आपण विचारलेच नाही. ते खरे आहे. आम्ही सरळ नाही म्हटले, अटी काढून घ्याल का असे विचारले नाही. वहिनींचे उत्तर, विचारायचे नव्हतेच. यावर ठराव झालेला नाही. पुढच्या बैठकीत ‘प्रायोजकांबाबत धोरण’ असा विषय ठेवला आहे आणि मसुदा मी लिहायचा आहे.